पंधरा हजार नऊशे सत्त्याण्णव किलोमीटर

सड्यावर, म्हणजे आमच्या या कातळाच्या पठारावर, उजेड एकदम येत नाही. पूर्वेला डोंगराची एक बुटकी रांग आडवी पडलेली आहे आणि सूर्याला ती चढून यायला वेळ लागतो. तोवर आकाश आधी राखी, मग ताकासारखे फिकट आणि मग कोणताच रंग नसलेले असे होत जाते. श्रावण सरत आला की जांभ्याच्या खोलगट जागांत वीतभर पाणी साचून राहते. उजेड पहिल्यांदा उतरतो तो त्या पाण्यात. त्यामुळे काही क्षण असे येतात, की डबकी उजळ असतात आणि भोवतालचा सारा कातळ अजून काळाच असतो. मग त्या कातळावर धुरासारखे काहीतरी साचलेले दिसू लागते. ती सीतेची आसवे, नखाएवढी निळीजांभळी फुले, हजारोंनी. त्यांना एकेक करून सुटे करायला उजेडाला सवड लागते आणि तो ती घेतो. शेवटी धावपट्टी. वाटते की ती डोंगराच्या बाजूने उजळत येईल. पण घडते उलटे. डोंगराची सावली मागे हटत जाते, म्हणून ऊन आधी समुद्राकडच्या टोकाला पडते, जिथे कडा तुटतो, आणि तिथून ते जमिनीच्या दिशेने चालत येते. चार किलोमीटर चालायला त्याला सात मिनिटे लागतात. मी खिडकीत उभा राहून ती अनेकदा मोजली आहेत. त्या सकाळीही सातच लागली.

मोजणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. माझे नाव तन्मय मयेकर. रत्नागिरीच्या दक्षिणेला, कड्यावर उभारलेल्या या विमानतळाच्या मार्गकक्षात मी काम करतो. दोन विमानतळांमध्ये अंतर किती आणि ते कापायला वेळ किती लागेल, हे सांगायचे. कक्षाच्या भिंतीवरील फलकावर माझाच आकडा आहे: सडा ते सान्तियागो, पंधरा हजार नऊशे सत्त्याण्णव किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो अरबी समुद्रावरून नैऋत्येला उतरतो, टांझानियात आफ्रिकेत शिरतो, नामिबियाच्या किनाऱ्यावर बाहेर पडतो, दक्षिण अटलांटिक ओलांडतो आणि अर्जेंटिनावरून अँडीज पर्वतापलीकडे सान्तियागोला टेकतो. याहून जवळची वाट नाही. अंतर पृथ्वीने ठरवून टाकले आहे. माणसाच्या हाती उरतो तो वेळ.

सहा वर्षांपूर्वी त्या वाटेला, तीन विमाने बदलून, एकतीस तास लागत. माझा मोठा भाऊ ओजस सान्तियागोजवळच्या एका वेधशाळेत आहे. तिकडचाच झाला, तिकडच्याच कातालिनाशी त्याने लग्न केले. बाबा आजारी पडले तेव्हा मी दादाला फोन केला. दादा येऊन पोहोचला, तोवर बाबांच्या अस्थी खाडीत सोडून झाल्या होत्या. मध्ये एकतीस तास होते. ही हकिगत मी नेहमी एवढ्याच शब्दांत सांगत आलो आहे, आणि ऐकणारा माणूस अंतराला दोष देऊन सुस्कारा टाकतो. आईने मात्र दादाला दोष दिला. बापासाठी त्याचा पाय निघाला नाही, असे तिने ठरवून टाकले आणि त्यानंतर ती त्याच्याशी तुटक बोलू लागली. दादाने तो दोष न भांडता घेतला. आणि मी या कामाला लागलो. पुन्हा कोणाच्या घरी कोणी उशिरा पोहोचू नये, असे मी मुलाखतीत म्हणालो होतो.

सात वाजायला दहा मिनिटे असताना फोन वाजला. आई ओट्यापाशी कॉफी गाळत होती, म्हणून मी फोन टेबलावर ठेवून मोठ्याने लावला.

"तन्मय भावजी, मी कातालिना. बसला आहात का?"

"उभा आहे, वहिनी. काय झालं?"

"बसा. ओजसच्या हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगली आहे. ती फुटू शकते. इथे आता रात्रीचे साडेनऊ वाजायला आलेत. उद्या सकाळी अकराला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, असे शंभर लोक असले तर तीस मरतात. आईंना घेऊन या."

वहिनीने मराठी दादाकडून आणि पुस्तकांतून शिकून घेतली आहे. तिला व्याकरण सगळे येते. पण आमच्याकडे वाईट बातमी कशी सांगतात, ते तिला कोणी शिकवलेले नाही. आमच्याकडे मेलेल्या माणसाविषयीसुद्धा आधी 'तब्येत नरम आहे, निघून ये' असे म्हणतात. ऐकणाऱ्याने त्यातून काय ते ओळखायचे असते.

"कोणाचा रे फोन?" आईने पाठमोरीच विचारले.

"वहिनीचा. दादाला जरा बरं..."

"जरा नाही, आई," फोनमधून वहिनी म्हणाली. "खूप."

आईने गॅस बंद केला. गाळणी हातातच राहिली. वहिनीने तिला सगळे पुन्हा सांगितले, त्याच शब्दांत, तीस हा आकडासुद्धा.

"बापाच्या वेळी आला नाही तो," आई म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. "मग मी का म्हणून धावत जाऊ?"

"तुम्ही रागावल्या आहात. ठीक आहे," वहिनी म्हणाली. "रागावूनच या."

फोन बंद झाल्यावर आई बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवीत उभी होती. मला त्या क्षणी काहीतरी सांगता आले असते. मी कॉफीचे कप पुसून ठेवले.

"बोलते कशी बघ ही बाई. दगड मारल्यासारखी," आई म्हणाली. मग म्हणाली, "माझा पासपोर्ट कुठे ठेवलायस?"

साध्या विमानांनी आता सत्तावीस तास लागतात. ऑपरेशन आमच्या घड्याळाप्रमाणे रात्री साडेआठला होते. मात्र त्याच दिवशी दुपारी चार वाजता टिटवी सुटणार होती.

टिटवी म्हणजे आमचे विमान. वर्षभर ते सामान आणि प्रत्यारोपणाचे अवयव नेत होते. त्या दिवशी त्यातून पहिल्यांदा प्रवासी जाणार होते, चोवीस. ते का शक्य झाले, हे समजायला तळ्याकाठी उभे राहावे. चपटा दगड तिरका फेकला की तो पाण्याला टेकतो, उसळतो, पुढे जाऊन पुन्हा टेकतो. टिटवी तसाच वातावरणाचा पृष्ठभाग वापरते. फार वेगाने सतत हवेत उडणारे विमान घर्षणाने पोळते; सतत हवेबाहेर राहायचे तर रॉकेट लागते आणि त्याला स्वतःपुरता प्राणवायू वाहून न्यावा लागतो. टिटवी पस्तीस किलोमीटर उंचीवर हवेत बुडते, थोडा वेळ इंजिन पेटवते, हवेतलाच प्राणवायू वापरते आणि साठ किलोमीटरपर्यंत उसळते. वर, जवळपास पोकळीत, ती निवते. एक उडी साडेचारशे किलोमीटरची, अडीच मिनिटांची. सान्तियागोला तेहेतीस उड्या. चढण्याउतरण्यासकट दोन तास तीन मिनिटे.

यात खरा शोध आहे तो तिच्या कवचाचा. त्या सिरॅमिकमध्ये केसाहून बारीक नळ्यांचे जाळे आहे. इंजिनात जाणारा द्रव हायड्रोजन आधी त्या नळ्यांतून फिरतो, कवचाची उष्णता स्वतः घेतो आणि मग जळायला जातो. जी आग विमानाला खाऊन टाकायची, तीच त्याला पुढे ढकलते. पहिल्यांदा हे समजून घेतले तेव्हा मला उगीचच रडू आले होते. ते मी कोणाला सांगितले नाही.

बातमी फुटल्यापासून लोक आपापल्या परीने हादरले होते. आमच्या हिशेबनीसबाईंची सून टोरांटोला असते; तिने म्हणे फोनवर पहिला प्रश्न विचारला तो, 'म्हणजे तुम्ही दर शनिवारी येणार का?' मुलाकडे न जाणारे, मुलाला न बोलावणारे, लग्नाला न जाता आहेर पाठवणारे असे कितीतरी संसार 'लांब आहे हो' या तीन शब्दांवर नांदत होते. आम्ही ते शब्द काढून घेत होतो.

साडेसातला मी उड्डाणप्रमुख पल्लवी रेगे यांच्या दारात उभा राहिलो. मी काही बोलण्याआधी दोनदा घसा साफ केला.

"मयेकर, माफी मागायला आला असशील तर कशाबद्दल ते आधी सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगितले. त्यांनी यादी ओढून घेतली.

"दिल्लीचे एक पाहुणे काल उड्यांच्या सराव-पाळण्यात बसले आणि रात्रीच परत गेले. त्यांची जागा आहे. आईंचे वैद्यकीय कागद?"

"जूनमध्ये कर्मचाऱ्यांच्या घरच्यांची तपासणी झाली, तेव्हा आई हौसेनं बसली होती. पास झाली. जायचं मात्र नाही म्हणाली."

"आता हो म्हणतेय ना? बसव."

"मॅडम, मग मी आज मार्गकक्षात नसावं कदाचित. आई विमानात असताना..."

"तुझ्याजागी कोण बसेल? गेले तीन दिवस दक्षिण गोलार्धातली वरची हवा तू एकटा डोळ्यांत तेल घालून बघतोयस. तूच बसशील." यादी बंद करत त्या म्हणाल्या, "आणि कदाचित वगैरे शब्द आज घरी ठेवून ये."

तीन वाजता आई निळ्या उड्डाणपोशाखात माझ्यासमोर आली. साडीशिवाय मी तिला फार वेळा पाहिलेले नाही. ती एकाएकी लहान वाटली.

"टिटवी अशुभ म्हणतात," ती विमानाकडे पाहत म्हणाली. "नाव द्यायला दुसरा पक्षी मिळाला नाही तुम्हाला?"

"ती सड्यावरच घर करते ना, म्हणून."

"तुझे बाबा असते तर हसले असते. खाडी ओलांडायला त्यांच्या फेरीबोटीला नऊ मिनिटं लागायची. नऊ मिनिटांत तुमचं हे कुठे असेल?"

मी मनात गुणाकार केला. "पूर्ण वेगात असेल तर सोळाशे किलोमीटर."

"अरे देवा!" ती म्हणाली. मग माझ्या दंडाला हात लावून, दुसरीकडे पाहत म्हणाली, "आपल्या घरातलं कोणीतरी एकदा तरी वेळेत पोहोचू दे. येते मी."

चार वाजता धावपट्टीवरून जो आवाज उठला, त्याने सड्यावरचे पाणी थरथरले. टिटवी कड्यावरून समुद्रावर गेली, चमकली आणि दिसेनाशी झाली. बाहेर जमलेल्या गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या ऐकल्या, पण माझे डोळे पडद्यावर होते.

पहिल्या दहा उड्या आखल्याप्रमाणे झाल्या. मुख्य वैमानिक कॅप्टन खोत हे लांज्याकडचे, आणि त्यांना कशाचेच नवल वाटत नाही.

"दहा झाल्या," त्यांचा आवाज आला. "पाहुणे पिशव्या भरताहेत. एक बाई सोडून. त्या शेजारच्याला धीर देताहेत."

ती कोण, हे मला विचारावे लागले नाही.

अकरावी उडी नऊ किलोमीटर आखूड पडली. बारावी तेरा. मी खुर्चीत पुढे सरकलो. दक्षिणेकडे वरचे वातावरण कधीकधी थोड्या दिवसांत तापून फुगते. मग जिथे विमानाला पोकळी अपेक्षित असते तिथेही विरळ हवा भरून राहते आणि उसळलेले विमान थोडे आधी खाली ओढले जाते. तीन दिवस मी तेच तापताना पाहत होतो. माझ्या अंदाजाप्रमाणे ते आणखी दक्षिणेला राहायला हवे होते. ते उत्तरेकडे सरकले होते.

"मयेकर?" रेगे मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हवा जरा दाट आहे, मॅडम."

"जरा म्हणजे किती?"

"म्हणजे... अपेक्षेपेक्षा जरा..."

"जरा हे एकक माझ्या तक्त्यात नाही," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. "नामिबियातल्या वाल्व्हिस बेची धावपट्टी आपल्यासाठी मोकळी आहे. तिथे उतरायचं तर चौदावी उडी घेऊ नये. त्यानंतर जवळजवळ सात हजार किलोमीटर नुसतं पाणी. तुझ्याकडे एका उडीचा वेळ आहे. खोत ऐकताहेत."

अडीच मिनिटे. नामिबियाला उतरणे सुरक्षित होते, आणि तिथून पुढे दुसऱ्या विमानाने जाईतो ऑपरेशन होऊन गेले असते. पुढे जाणे म्हणजे, हवा आणखी फुगलेली निघाली तर, चोवीस प्रवासी आणि वैमानिक समुद्रावर इंधन मोजत बसतील. सुरक्षित तेच बोलावे, असे माझ्यातल्या सगळ्या भित्र्या सवयी मला सांगत होत्या. किंवा काहीतरी मोघम बोलावे, ज्याचा अर्थ ऐकणारा लावील आणि दोषही त्याचाच होईल. तो मार्ग मला फार चांगला ठाऊक होता.

मी तीन दिवसांची मोजमापे एकाखाली एक लावली. फुगे, उपग्रह, आणि आता टिटवीच्याच दोन आखूड उड्या. रेषा चढत होती. पण तिचा चढ मंदावत होता. मी ती पुन्हा काढली. तीच आली.

"तुझी आई विमानात आहे हे विसरून सांग," रेगे मॅडम हळूच म्हणाल्या.

"ते विसरता येत नाही, मॅडम. तरीही आकडा तोच आहे." माझा आवाज मला अनोळखी वाटला. "आत्ता घनता चौदा टक्के जास्त आहे. अटलांटिकच्या मध्यावर ती एकोणीसपर्यंत जाईल, बावीसच्या वर जाणार नाही. उरलेल्या वीस उड्यांत एकूण तूट तीनशे नव्वद किलोमीटर. एक उडी जास्त घ्यायची. तेहेतीस नाही, चौतीस. राखीव हायड्रोजन दोन उड्यांचा आहे, एक उरेल. बावीस झाली तरी अर्ध्या उडीहून जास्त उरेल. पुढे जावं."

"खात्री?" हा खोतांचा आवाज.

"हो."

"बरं झालं," खोत म्हणाले. "मला ती वाळवंटातली धावपट्टी आवडत नाही. चौदावी घेतोय."

मग दक्षिण अटलांटिक. पडद्यावर एक हिरवा ठिपका उसळत, बुडत, उसळत चालला होता. पंधरावी अठरा किलोमीटर आखूड. एकोणिसावी वीस. घनता सोळा, सतरा, अठरा. चोविसाव्या उडीला ती एकोणीस झाली. पंचविसाव्याला एकोणीसच. सव्विसाव्याला अठरा. कोणीतरी पाठीमागून माझ्या डोक्यावर टपली मारली, शाळेत मारतात तशी.

चौतिसावी उडी अर्जेंटिनाच्या किनाऱ्याआधी संपली, आणि टिटवी पंख पसरून शांतपणे मैदानांवरून अँडीजकडे घसरत गेली. सहा वाजून सहा मिनिटांनी तिची चाके सान्तियागोच्या धावपट्टीला टेकली. तिथे सकाळचे आठ छत्तीस झाले होते. ज्या दिवशी दुपारी ती निघाली, त्याच दिवसाच्या सकाळी ती पोहोचली होती. दोन तास सहा मिनिटे. सगळा कक्ष उभा राहून ओरडत होता. रेगे मॅडमनी खडूने फलकावरचा वेळ खोडून नवा लिहिला, मग माझ्याकडे वळून हात जोडले आणि लगेच, कोणी पाहण्याआधी, सोडले.

मीही ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा, बहुधा. माणसाने पृथ्वी दोन तासांची केली होती आणि त्यात माझा एक आकडा होता.

तिकडच्या सकाळी पावणेदहाला, म्हणजे आमच्या संध्याकाळी सव्वासातला, वहिनीचा निरोप आला: 'आई आल्या. त्याच्याजवळ बसल्या आहेत. त्याला ओरडत आहेत. तो हसतो आहे.'

ऑपरेशन पाच तास चालले. दादा वाचला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. तिकडे सकाळचे आठ वाजले होते. मी मार्गकक्षाच्या पायरीवर बसलो होतो; समोरून दुसऱ्या उड्डाणाच्या प्रवाशांची रांग चालली होती, आणि त्यात नातवाला पहिल्यांदा पाहायला निघालेल्या एका वृद्ध गृहस्थांनी नवे कोरे बूट घातले होते.

"अरे, हा सूप पितोय," आई म्हणाली, "आणि त्यात मीठ नाही म्हणून कुरकुरतोय. म्हणजे बरा झाला."

"पोटात काही त्रास झाला का गं तुला? एवढ्या उड्या..."

"चौतीस वेळा गोळा आला. तुझ्या त्या तेहेतिसाव्याला मी म्हटलं, सुटले; तर तो खोत म्हणतो, अजून एक. त्याला चांगलं झापलं मी उतरल्यावर. थांब, हा मागतोय."

दादाचा आवाज बारीक झाला होता, पण दादाचाच होता.

"तन्मय, वैमानिक सांगत होता आईला. त्या चौतिसाव्या उडीचं. तू सांगितलीस ना?"

"हो."

"शाब्बास रे." तो थांबून श्वास घेत होता. "ऐक. आई आणि मी बोललो. सहा वर्षांचं सगळं. मी तिला म्हटलं, चूक माझीच होती. तू फोनवर म्हणाला होतास, बाबांना जरा बरं नाहीये, जमलं तर ये. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येतो. आपल्याकडे जरा म्हणजे काय, ते मला ओळखता यायला हवं होतं. इतकी वर्षं बाहेर राहून मी विसरलोच होतो."

"आणि मी म्हटलं, जाऊ दे आता," आईचा आवाज मध्येच आला. "इतका लांब होता. निघाला असता तरी काय पोहोचणार होता? एकतीस तास लागायचे तेव्हा. तुझं विमान असतं तर गोष्ट वेगळी. झालं गेलं."

दोघेही हसले. हसण्याने दादाच्या छातीत कळ आली असावी, कारण वहिनीने त्याला स्पॅनिशमध्ये दटावले.

सगळे सुटले होते. आईने दादाला सोडले होते, दादाने स्वतःला, आणि दोघांनी मिळून मला कधी धरलेलेच नव्हते. उरले होते ते अंतर, आणि त्याला तर आम्ही हरवलेच होते. मी 'हो ना' म्हटले असते, तर ते तसेच राहिले असते, आयुष्यभर. माझ्या ओठांवर ते शब्द आलेही होते.

"दादा," मी म्हणालो, "फोन मोठ्याने लाव. आईलाही ऐकू दे."

"आहेच तसा. बोल."

"ओळखता न येणं ही तुझी चूक नव्हती. मी तुला फोन केला, त्याच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं. मोघम काही सांगितलं नाही. म्हणाले, दोन दिवस, फार तर अडीच. मोठ्या भावाला आजच निघायला सांग. मी तुला ते सांगितलं नाही. ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. मग मी दुसरं वाक्य बोललो. आणि नंतर सगळे अंतराला दोष देऊ लागले, तेव्हा मी त्यांना देऊ दिला. आई तुझ्यावर रागावली, तेव्हा तिलाही रागावू दिलं."

पलीकडे कोणीतरी सूपची वाटी खाली ठेवली.

"तन्मय." आई बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, दुसरेही काही नव्हते. "तू सगळ्याचा आकडा काढतोस. याचा काढलायस कधी? किती वेळ होता त्याच्या हातात?"

तो मी कधीच काढला नव्हता. माझ्या फोनची आणि बाबा गेल्याची, दोन्ही वेळा मला पाठ होत्या, आणि सहा वर्षे मी त्या एकमेकींजवळ येऊ दिल्या नव्हत्या.

"काढला नव्हता," मी म्हणालो. "आता सांगतो. माझ्या फोननंतर बाबा त्रेपन्न तास जिवंत होते."